विहंगावलोकन आणि चौथा मजला

मराठीत मागे वळून बघायचं काम सिंहाकडे दिलेलं आहे आणि वरून खाली बघायचं काम पक्ष्याकडे. सिंहावलोकन हे साधारणपणे सत्तरी उलटलेल्या अध्यक्षांनी करायचं असतं. विहंगावलोकनाला वयाची अट नाही. मी ते बाविसाव्या वर्षी, महिना साडेतीनशे रुपये पगारावर करायला लागलो, आणि तेसुद्धा फोर्टातल्या एका खिडकी नसलेल्या खोलीत बसून.

साल १९७८. कमर्शियल आर्टचा डिप्लोमा हातात होता आणि बाकी हात रिकामे होते. मला ज्या ऑफिसनं ठेवून घेतलं त्यांचा धंदा असा, की आर्किटेक्टाकडून नकाशे यायचे. प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन वगैरे. आता नकाशा बघून गिऱ्हाईक फ्लॅट घेत नाही. नकाशात त्याला फक्त आपली मोरी लहान आहे एवढंच कळतं. त्याला लागतं चित्र. म्हणून जिच्या पायाला अजून पहिली कुदळ लागायची आहे अशी इमारत आम्ही बांधून, रंगवून, भोवती बाग फुलवून, ती आकाशातून कशी दिसेल हे बोर्डावर पोस्टर कलरनं काढून द्यायचो. धंद्यात याला 'पर्स्पेक्टिव्ह' म्हणत. रस्त्यावरच्या माणसाला दिसेल ते साधं, आणि चारपाचशे फुटांवर तरंगणाऱ्या घारीला दिसेल ते 'बर्ड्स आय'. बर्ड्स आयचा भाव दीडपट असे. घारीला यातलं काही मिळत नसे.

दीडपट भाव उगाच नव्हता. समोरून बघितलेल्या इमारतीच्या रेषा डावीउजवीकडे दोन बिंदूंना जाऊन मिळतात. वरून बघितलं की उभ्या रेषासुद्धा खाली जाता जाता एकमेकींकडे झुकतात. म्हणजे व्हॅनिशिंग पॉइंट तीन. हे तिन्ही बोर्डाच्या बाहेर कुठेतरी लांब पडतात. आमच्या डाव्या बिंदूचा खिळा माठाच्या मागे होता, उजवा शेजारच्या टायपिंग क्लासच्या लाकडी भिंतीत, आणि तिसरा खाली जमिनीवर, जिथे शिपाई दुपारी डबा उघडून बसे तिथे. खिळ्यांना दोरे बांधून आम्ही रेषा मारायचो. शिपायानं चटणीसाठी हात लांब केला की दोरा हले आणि चौदाच्या चौदा मजले कलत.

माझ्याकडे झाडं होती. इमारती सीनियर लोक काढीत. मी झाडं, मोटारी, माणसं आणि बगळे काढायचो. वरून दिसणारं झाड म्हणजे जगातलं सर्वांत सोपं झाड: हिरवा ठिपका, एका बाजूला गडद हिरवा, आणि खाली थोडी सावली. मी मुंबई आणि परिसरात जितकी झाडं लावली तितकी कुठल्या वनमंत्र्यानंही लावली नसतील. मालकांचे नियम ठरलेले होते. मोकळी जागा दिसली की हिरवी करायची. हिरवी होण्यासारखी नसेल तर निळी. शेजारच्या चाळी असतील तर धुक्यात घालायच्या. झोपड्या असतील तर गवत. माणसं बेतानं काढायची, जास्त झाली की गर्दी वाटते. आणि बगळे पाहिजेतच. का, म्हणून मी एकदा विचारलं. "अरे, बर्ड्स आय म्हणायचं आणि बर्ड नाही?" मालक म्हणाले.

हे सगळं आमच्या मालकांचंच डोकं, असा माझा बरीच वर्षं समज होता. पुढे पुस्तकं हाताला लागली तेव्हा कळलं, की धंदा पाचशे वर्षांचा आहे आणि बगळेसुद्धा जुनेच आहेत.

१५०० साली व्हेनिसमध्ये याकोपो दे बार्बारी नावाच्या चित्रकाराचं एक लाकडी ठशांचं चित्र छापून निघालं. सहा ठसे, सहा मोठे कागद. जोडले की रुंदी जवळजवळ पावणेतीन मीटर आणि उंची सव्वा मीटरच्या वर. त्यात अख्खं व्हेनिस आकाशातून दिसतं: कालवे, पूल, चर्चं, जहाजं, घराघरांची धुराडी. पैसे घातले होते अँटोन कोल्ब नावाच्या जर्मन व्यापाऱ्यानं. कामाला तीन वर्षं लागली, आणि म्हणून माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी हे छापू नये, शिवाय परदेशी नेताना जकात माफ असावी, असा अर्ज त्यानं सरकारला केला होता. किंमत तीन डुकाट. म्हणजे बिल्डर होता, आर्टिस्ट होता, सरकारदरबारचा अर्जही होता. फक्त जिथून हे दिसतं तिथे त्या काळी कुणीही जाऊन आलेला नव्हता. शहरातल्या वेगवेगळ्या मनोऱ्यांवरून बघितलेले, मोजलेले तुकडे एकत्र शिवून ही गोधडी केलेली होती. कडेला आठ वारे गाल फुगवून फुंकताहेत, वर ढगात एक रोमन देव, खाली पाण्यात दुसरा. आमच्या बगळ्यांचं घराणं हे असं थोर आहे.

पण एका गोष्टीसाठी मी बार्बारीला हात जोडतो. सेंट मार्कच्या चौकातल्या मनोऱ्यावर १४८९ साली वीज पडून शेंडा गेला होता आणि वर तात्पुरतं चपटं छप्पर घातलेलं होतं. त्यानं ते तसंच काढलं. आमच्या ऑफिसात असता तर "शेंडा लाव रे त्याला, पब्लिक काय म्हणेल!" म्हणून दहा मिनिटांत मनोरा दुरुस्त झाला असता.

माणूस खरोखरचा उडाला त्यानंतर २८३ वर्षांनी. १७८३ च्या नोव्हेंबरात माँगोल्फिए बंधूंच्या फुग्यातून पॅरिसवरून दोघे जण गेले. १८५८ साली नादार नावाचा फोटोग्राफर कॅमेरा घेऊन बलूनमधून वर गेला. त्याच्या काचा काळ्या निघत, कारण फुग्यातून गळणारा वायू काचेवरच्या औषधाची वाट लावी. फुग्याचं तोंड बंद ठेवून गेला तेव्हा कुठे फोटो आला. ते फोटो आज उरलेले नाहीत. टिकलेला सर्वांत जुना फोटो १८६० सालचा, जेम्स वॉलेस ब्लॅकनं बोस्टन शहराचा काढलेला.

आता तुम्ही म्हणाल, कॅमेरा वर गेला म्हणजे चित्रकार घरी बसला असेल. मुळीच नाही. कॅमेऱ्यात मोठा दोष असा, की जे असतं तेच तो दाखवतो. गिऱ्हाइकाला हवं असतं जे नाही ते. अमेरिकेत त्यानंतरच्या पन्नास वर्षांत गावोगाव फिरून आकाशातून दिसणारी गावं काढणाऱ्यांचा धंदा जोरात चालला. थॅडियस फाउलर नावाच्या एकट्या माणसानं चारशेच्या वर गावं काढली. ही माणसं बलूनमध्ये बसत नसत. गल्लीबोळातून पायी हिंडून एकेका घराचं स्केच करीत आणि मग खोलीत बसून मनानं उडत. वर्गणी दुकानदारांकडून. जास्त पैसे दिले तर तुमचं दुकान कडेला वेगळं, मोठं. आणि प्रत्येक धुराड्यातून धूर, कारण तेव्हा धूर म्हणजे भरभराट. आमचे मालक धूर काढू देत नसत, एवढाच काय तो काळाचा फरक.

चित्रांनी नेहमी वाटोळंच केलं असंही नाही. १९०९ साली डॅनियल बर्नहॅमचा शिकागोचा आराखडा निघाला, त्यातली चित्रं ज्यूल्स गेरँची. हा पूर्वी नाटकाचे पडदे रंगवायचा. त्यानं सरोवराच्या बाजूनं, संध्याकाळच्या मऊ उजेडात सगळं शहर असं दाखवलं, की व्यापारी मंडळींनाही कविता सुचावी. मधोमध घुमटाची एक प्रचंड इमारत होती, ती कधीच झाली नाही. पण सरोवराकाठच्या बागा झाल्या, नदीकाठचा दुमजली रस्ता झाला. इतक्या वर्षांत आम्ही काढलेल्यापैकी किती बागा झाल्या ते मी मोजायला गेलो नाही. तब्येतीला झेपलं पाहिजे.

या सगळ्या घराण्यातला दादा माणूस मात्र न्यूयॉर्कचा ह्यू फेरिस. १८८९ सालचा जन्म, शिक्षण आर्किटेक्चरचं. १९१२ साली न्यूयॉर्कला आला आणि कॅस गिल्बर्टच्या ऑफिसात लागला. गिल्बर्ट म्हणजे वूलवर्थ बिल्डिंगवाले. ७९२ फूट, १९१३ साली पुरी झाली तेव्हा जगातली सर्वांत उंच इमारत. थोड्याच वर्षांत फेरिसनं ओळखलं, की आपल्या इमारती बांधण्यापेक्षा दुसऱ्यांच्या इमारती काढण्यात आपला हात चांगला चालतो, आणि त्यानं स्वतंत्र पाटी लावली.

त्याच सुमाराला, १९१५ साली, ब्रॉडवेवर इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली. अडतीस मजले, फुटपाथच्या कडेपासून सरळसोट वर, कुठेही पोट आत न घेता. शेजाऱ्यांचं ऊन गेलं. आपल्याकडे ऊन गेलं तर लोक सत्यनारायण घालतील. पण तिथल्या थंडीत उन्हाला भाडं येतं. आधीपासून कुरबूर होतीच, या इमारतीनं तिला तोंड फुटलं. १९१६ साली शहरानं कायदा केला: रस्त्याच्या रुंदीच्या हिशेबात ठरावीक उंचीपर्यंत सरळ जा, मग जसजसे वर जाल तसतसे मागे सरा, प्लॉटच्या चौथ्या हिश्शावर मात्र मनोरा हवा तितका उंच न्या. आपल्या एफएसआयचा तिकडचा मोठा चुलतभाऊच म्हणा ना.

कायदा झाला, पण त्यातून इमारत कशी निघणार हे कुणालाच दिसेना. १९२२ साली हार्वे कॉर्बेट या आर्किटेक्टाबरोबर बसून फेरिसनं चार चित्रं काढली. पहिल्यात कायदा जास्तीत जास्त जेवढं बांधू देतो तेवढा सगळा ढिगारा, एखाद्या डोंगरासारखा. दुसऱ्यात आत उजेड यावा म्हणून त्याच्यात पाडलेल्या खाचा. तिसऱ्यात उतारांच्या केलेल्या पायऱ्या. चौथ्यात नको असलेले तुकडे काढून उरलेली इमारत. कायद्याचं कलम कोळशानं काढून दाखवणारा मला माहीत असलेला हा एकच माणूस. पुढची कितीतरी वर्षं न्यूयॉर्कच्या उंच इमारती त्या पायऱ्यापायऱ्यांनीच उभ्या राहिल्या.

आणि कोळसा म्हणजे खरोखर कोळसाच. आम्ही पांढऱ्या बोर्डावर रंग चढवीत होतो. हा आधी कागद काळा करी आणि मग रबरानं उजेड काढी, अंधारातून इमारत खरवडून आणल्यासारखी. शिखरावर उजेड, खालची गल्ली काळोखात. १९२९ साली 'द मेट्रोपॉलिस ऑफ टुमॉरो' हे त्याचं पुस्तक निघालं, आणि त्याच ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला. टुमॉरो बराच पुढे ढकलला गेला. १९३१ साली एम्पायर स्टेट पुरी झाली ती इतकी रिकामी, की लोक तिला 'एम्प्टी स्टेट' म्हणू लागले.

ती चित्रं मी पुस्तकात पहिल्यांदा पाहिली तेव्हा फार वेळ बघत बसलो. चांगली आहेत म्हणून नव्हे, चांगली आहेतच. पण त्यात उंच इमारतीच्या पायथ्याशी काळोख होता आणि तो त्यानं झाकला नव्हता. मी हजारो झाडांच्या सावल्या काढल्या. चौदा मजली इमारतीची सावली एकदाही नाही. मालकांचं म्हणणं, ती बागेवर पडली की बाग मळकी दिसते. म्हणून आमच्या चित्रांत सूर्य नेहमी अशा बेतानं उगवे, की इमारतीची सावली बोर्डाच्या बाहेर, दुसऱ्या कुणाच्या तरी प्लॉटवर पडावी.

आता भाऊकाकांकडे यायला हरकत नाही. किती वेळ टाळणार?

१९८३ साली आमच्याकडे एक काम आलं. विरार लोकलच्या वाटेवरचं एक उपनगर, चौदा-चौदा मजल्यांचे तीन टॉवर. साइटच्या पश्चिमेला दलदल होती. मालकांनी नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "निळी कर." मी केली. निळ्याच्या तीन छटा वापरल्या, कडेला नारळ लावले, आणि अंगात कला असल्यामुळे एक शिडाची होडीही सोडली. ब्रोशर छापून आलं. माझं काम असं गुळगुळीत कागदावर पहिल्यांदाच आलेलं, म्हणून एक प्रत खिशात घालून गिरगावात भाऊकाकांकडे गेलो.

काका त्याच वर्षी रिटायर झाले होते. चाळीत दोन खोल्या, संडास गॅलरीच्या टोकाला, आणि प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे नुकतेच हातात आलेले. त्यांनी चष्मा लावून ब्रोशर बघितलं. मग खिडकीशी नेऊन बघितलं.

"हे तू काढलंस?"

"झाडं मी काढली, काका."

"आणि तळं?"

"तळंपण मीच."

"मग झालं तर," काका म्हणाले, आणि ब्रोशर उशीखाली ठेवलं.

'मग झालं तर' याचा अर्थ मला त्या क्षणी कळला होता. कळला नव्हता असं म्हणायची सोय नाही. तिथे दलदल आहे एवढे तीन शब्द बोलायला किती वेळ लागतो? पण काकूनं माझ्यासाठी शिरा टाकला होता, आणि चुलत भावंडांत 'हा ड्रॉइंग काढतो' म्हणून हसण्यावारी नेलेला मी, पहिल्यांदाच काहीतरी काढलेला माणूस झालो होतो. मी शिरा खाल्ला. पुढच्या महिन्यात काकांनी मधल्या टॉवरमध्ये अकरावा मजला बुक केला, तळ्याच्या बाजूचा.

ताबा मिळाला १९८८ साली. तीनपैकी एकच इमारत झाली होती, तीही सात मजल्यांची. उरलेल्या दोन आमच्या तीन बिंदूंपैकी कुठल्या बिंदूला गेल्या ते शेवटपर्यंत कळलं नाही. मधला टॉवरच नसल्यामुळे काकांना पहिल्यात चौथा मजला मिळाला. लिफ्टची जागा होती. लिफ्ट दोन वर्षांनी आली. पाणी टँकरनं. आणि खिडकीतून तळं दिसत होतं: पावसाळ्यात पाण्याचं, उन्हाळ्यात डासांचं.

काका चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते ब्रोशर घेऊन सोसायटीच्या चार जणांबरोबर बिल्डरच्या वकिलाला भेटून आले. वकिलानं ब्रोशर उलटं करून तळाशी मुंगीच्या अक्षरांत छापलेली ओळ दाखवली: चित्र ही केवळ कलाकाराची कल्पना आहे. मी पाच वर्षं नोकरी केली होती, एका चित्रावर कधी माझं नाव आलं नाही. पण भांडणाची वेळ आली तेव्हा छापील पुरावा निघाला, की हे सगळं कलाकारानं केलं.

"तुझ्याबद्दल लिहिलंय त्यात," काका घरी येऊन म्हणाले. आवाजात राग नव्हता. नुसती माहिती होती.

हल्ली बोर्ड नाहीत, दोरे नाहीत, शिपायाचा डबाही नाही. परवा त्याच इमारतीच्या रिडेव्हलपमेंटची मीटिंग होती. चुलतभाऊ म्हणाला, तू त्या धंद्यातला, तू चल. बत्तीस मजले होणार आहेत. कंपनीच्या पोरानं पडद्यावर सिनेमाच दाखवला: ड्रोननं काढलेलं खरं उपनगर, त्यात कॉम्प्युटरनं बसवलेला टॉवर, आणि आपण पक्ष्यासारखे त्याच्याभोवती घिरट्या घालतोय. बाल्कन्यांत माणसं कॉफी पीत होती. मी विचारलं, "झाडं कोण काढतं हो?" तो म्हणाला, "अंकल, ती लायब्ररीत रेडीमेड असतात." मला थोडं वाईट वाटलं. मग विचारलं, की सावली सकाळी कुठे पडणार आणि चार वाजता कुठे पडणार, ते दाखवता का. पोरगा हुशार होता. त्यानं एक बटण दाबलं आणि सूर्य फिरवला. दुपारी चार वाजता बत्तीस मजल्यांची सावली मागच्या म्युनिसिपल शाळेच्या मैदानावरून सरकत गेली. सभागृह दोन मिनिटं गप्प. मग कुणीतरी पार्किंगचा प्रश्न काढला.

आता कायदाही बदलला आहे. २०१६ च्या रेरा कायद्यात स्वच्छ लिहिलंय, की जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुन्याचा फ्लॅट बघून कुणी पैसे भरले आणि ती माहिती खोटी निघाली, तर नुकसानीची भरपाई द्यावी लागेल. माणूस बाहेर पडत असेल तर पैसे व्याजासकट परत. मुंगीच्या अक्षरांतली ओळ मात्र अजून छापतात. चुलतभावाला म्हटलं, हा सिनेमा उतरवून घे आणि सावलीसकट अ‍ॅग्रीमेंटला जोडायला सांग. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की ही अक्कल १९८३ साली कुठे होती. तो बोलला नाही. काकांचाच मुलगा तो.

मूळ चित्र त्याच्याकडेच आहे, हॉलमध्ये, फ्रेम केलेलं. त्याची हकीकत अशी. ताबा मिळाल्यानंतरच्या दिवाळीत काकांनी मला विचारलं, "तो तुमचा मोठा बोर्ड कुठे असतो रे? फेकून देता?" ऑफिसच्या माळ्यावरून मी तो काढून आणला. काकांनी तो भिंतीला टेकवला, पहिल्या टॉवरचा चौथा मजला बोटानं मोजून काढला आणि म्हणाले, "इथे एक माणूस काढ."

चारशे फुटांवरून माणूस म्हणजे तांदळाच्या कणीइतका. मी झीरो नंबरचा ब्रश घेतला आणि बाल्कनीत एक पांढरा ठिपका ठेवला. काका वाकून बराच वेळ बघत राहिले. "लेंगा दिसत नाही," म्हणाले.

"मी कुठे आहे त्यात?" काकूनं विचारलं.

"तू आत आहेस. स्वयंपाकघरात."

"मग बाहेर काढ की मला. एवढा लाखभर रुपयांचा फ्लॅट घेतला तो काय आत बसायला?"

मी ब्रश हिरव्यात बुडवला. अंगावर हिरवी साडी होती तिच्या.

"हिरवी नको रे," काकू म्हणाली. "झाड वाटेन."

म्हणून लाल काढली.